हेवी गाड्यांचं काम शिकायचंय: आयटीआयच्या फॉर्मपासून स्वतःच्या गॅरेजपर्यंत

ट्रक-बसच्या दुरुस्तीत करिअर करायचं ठरवलेल्या मराठवाड्यातल्या बहुतेक पोरांची पहिली चूक आयटीआयचा फॉर्म भरतानाच होते. 'मेकॅनिक डिझेल' आणि 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' ही दोन नावं सारखीच वाटतात, मग ज्याची यादी आधी लागेल तिथं प्रवेश घेऊन मोकळं व्हायचं. पण डिझेलचा ट्रेड एक वर्षाचा आहे आणि त्याचा भर इंजिनावर असतो. मोटर व्हेईकल, म्हणजे एमएमव्ही, दोन वर्षांचा. त्यात इंजिनाबरोबर क्लच, गिअरबॉक्स, हाउसिंग (मागच्या एक्सलचा डिफरन्शियल), स्टिअरिंग, ब्रेक आणि वायरिंग येतं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला, तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. एक वर्षाच्या ट्रेडवर ते जमत नाही. ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात असेल, तर पुढे एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षाही देता येते. म्हणून घरच्या परिस्थितीला झेपत असेल तर एमएमव्हीच घ्या. पैसे लवकर घरी यायला हवेत अशी अडचण असेल, तर डिझेल करून लगेच अप्रेंटिसशिपला लागा. तोही वाईट रस्ता नाही. ट्रॅक्टर मेकॅनिक हा तिसरा ट्रेड, तोही एक वर्षाचा. ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला चालतो, पण ट्रक-बसकडे जायचं असेल तर अपुरा पडतो.

प्रवेश दहावीच्या गुणांवर, राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन फेऱ्यांतून होतो. पसंतीक्रम भरण्याआधी त्या आयटीआयची कार्यशाळा एकदा डोळ्यांनी बघून या. कोणी अडवत नाही. तीन गोष्टी बघा: एअर ब्रेकचा जिवंत बोर्ड आहे का, कॉमन रेल इंजिन (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल देणारं) आहे का, आणि स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) नुसता कपाटात आहे की पोरांच्या हातात पडतो. जिथं अजून जुन्या इनलाइन पंपाचं एकच इंजिन वर्षानुवर्षं खोलून-जोडून चाललंय, तिथं प्रवेश घेतलात तरी उरलेलं बाहेर शिकावं लागणार हे धरून चला.

अप्रेंटिसशिप कुठे करावी

आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे दारातला प्रवेश. हात बसतो तो पुढच्या वर्षभरात. अप्रेंटिसशिपचा कायदा 1961चा आहे आणि त्यात विद्यावेतन बंधनकारक आहे. 2019च्या नियमदुरुस्तीत आयटीआय झालेल्याला महिना किमान 7,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 रुपये ठरले. अर्ज करताना त्या वेळचा आकडा अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर बघून घ्या. करार नोंदवल्याशिवाय कामाला लागू नका. 'आधी महिनाभर काम बघू, मग कागद करू' असं म्हणणाऱ्याकडे वर्षभर कागद होत नाही, आणि कागद नसेल तर शेवटी परीक्षाही नाही आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्रही नाही.

मराठवाड्यात मुख्य पर्याय दोन. एक एसटी. विभागीय कार्यशाळा आणि आगारं तर आहेतच, शिवाय छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. एसटीत शिस्त शिकायला मिळते: ठरलेल्या किलोमीटरला ठरलेलं काम, प्रत्येक गाडीची नोंद, आणि एकाच प्रकारच्या गाड्या इतक्या येतात की ब्रेक, क्लच, कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा) यांत हात पक्का होतो. दुसरा पर्याय म्हणजे ट्रक कंपनीचा अधिकृत डीलर, म्हणजे वाळूज, जालना, नांदेड, लातूर या बाजूंची सर्व्हिस सेंटरं. तिथं बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्या, स्कॅनर, कंपनीचं ट्रेनिंग मिळतं. मात्र बरेचदा नवीन पोराला वर्षभर ऑईल-फिल्टर बदलण्यावरच ठेवतात. मुलाखतीतच विचारा: किती महिन्यांनी कोणत्या बेवर (कामाच्या जागेवर) पाठवणार? उत्तर मोघम असेल तर एसटी बरी.

आणि रस्त्यावरचं उस्तादाचं गॅरेज? त्याला हसू नका. आवाजावरून टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) ओळखणं, बोल्ट न तोडता काढणं, मोडक्या कमानीच्या गाडीला रात्रीत उभं करणं हे तिथंच कळतं. फक्त ते आयटीआयनंतर करा, आयटीआयऐवजी नाही. उस्तादाचा हात सोन्याचा असतो, पण बीएस-6 गाडीपुढे मोजमापाशिवाय नुसत्या हाताचा उपयोग अर्धाच. पुढच्या दहा वर्षांत टिकेल तो मेकॅनिक खोलण्याआधी मोजणारा असेल.

गाडीखाली जाण्याआधी

जीव घेणाऱ्या चार जागा आधी पाठ करा.

हायड्रॉलिक जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. चाकांना ओंडा लावा, एक्सलखाली स्टँड घ्या, मग जा. टिपरची बॉडी वर असताना आधाराचा लोखंडी टेकू लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. पाइप फुटला तर बॉडी क्षणात खाली येते. केबिन झुकवली की तिचं लॉक हाताने तपासा.

मागच्या ब्रेक चेंबरमध्ये (हवेच्या दाबावर ब्रेक चालवणाऱ्या डब्यात) दाबून बसवलेली जाड स्प्रिंग असते. तिचा क्लॅम्प खोलणं म्हणजे तोफेपुढे उभं राहणं. आधी केजिंग बोल्टने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या लांब बोल्टने) स्प्रिंग आवळा, तरीही चेंबरचा तो भाग खोलू नका, अख्खा बदला.

रिंगच्या जुन्या डिस्कवरचा (टायर धरून ठेवणारी वेगळी लोखंडी रिंग असलेल्या चाकावरचा) टायर पिंजऱ्यात ठेवूनच भरा. ट्रकच्या टायरात 110-120 पीएसआयची हवा असते. रिंग नीट बसली नसेल तर ती माणसाला उडवते.

चौथी जागा नवीन आहे: कॉमन रेल. त्या पाइपांत 1,600 बारच्या वर दाब असतो. इंजिन चालू असताना नट ढिला केला, तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण ते थेट दवाखान्याचं काम आहे. जुन्या इंजिनासारखं 'एकेक पाइप ढिला करून मिसिंग (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधणं' इथं पूर्ण बंद. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, मगच हात लावा.

शिकण्याचा क्रम

पोरांना पहिल्या दिवसापासून इंजिन बांधायचं असतं. क्रम उलटा ठेवा. आधी ग्रीसिंग, चाक, हब, बेअरिंग आणि ब्रेक. मग कमानी, किंगपिन, टायरॉड (पुढच्या चाकांचे आणि स्टिअरिंगचे सांधे). मग क्लच, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा), गिअरबॉक्स, हाउसिंग. इंजिन शेवटी. कारण साधं आहे: गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांत चेसिसचं काम सगळ्यात जास्त आणि इंजिन पूर्ण खोलायची वेळ क्वचित. शिवाय इंजिनात केलेली चूक मालकाला महाग पडते.

इंजिनाकडे आलात की टॅपेट सेटिंगपासून सुरुवात करा. सहा सिलिंडरच्या बहुतेक ट्रक इंजिनांचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-5-3-6-2-4 आहे. यातून जोड्या निघतात: 1 आणि 6, 5 आणि 2, 3 आणि 4. सहाव्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलकेच एकत्र डोलतात, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडू लागलाय, त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही पूर्ण बंद असतात. तेव्हा पहिल्याचे टॅपेट सेट करा. मग क्रँक 120 अंश फिरवा, दुसरा डोलतो, पाचवा सेट करा. असं ऑर्डरने पुढे. इंजिन गार हवं की गरम, आणि गॅप किती, हे त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्या. जुन्या 5.9 लिटरच्या 12 व्हॉल्व्हच्या कमिन्सला गार इंजिनावर इनलेट 0.25 आणि एक्झॉस्ट 0.50 मिलिमीटर लागतो, म्हणून दुसऱ्या इंजिनालाही तोच दिला तर व्हॉल्व्ह जळतील. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) अडकत-अडकत सरकला पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा एकदा घाला, कारण आवळताना गॅप बदलतो. नवशिक्याचे निम्मे टॅपेट इथंच चुकतात.

धुराची भाषाही लवकर शिका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, टर्बोचा फुटका होज, इंजेक्टर. निळा म्हणजे इंजिन ऑईल खातंय. पांढरा असेल तर न जळलेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरणारं कूलंट, आणि कूलंटच्या धुराला किंचित गोडसर वास येतो.

एअर ब्रेक: इथं जास्त वेळ घाला

हे काम नीट येणारा माणूस कधी रिकामा बसत नाही. तपासणी अशी करा. चाकांना ओंडे लावा, इंजिन चालवून टाकी भरू द्या. साधारण 8 बारच्या आसपास 'फुस्स' आवाज होतो, म्हणजे जादा हवा बाहेर सुटली. इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा आणि घड्याळ लावून गेज बघा. ब्रेक न दाबता दाब मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा जास्त पडत असेल, किंवा पॅडल दाबून धरल्यावर 3 पीएसआयपेक्षा जास्त, तर गळती आहे. दाबल्यावरच गळत असेल तर चेंबरचा डायफ्राम किंवा त्याचा होज. न दाबताही गळत असेल तर टाकी, पाइपांचे जोड, व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी आणि ब्रश एवढ्यावर गळती सापडते. कानावर विसंबू नका, गॅरेजच्या गोंगाटात बारीक गळती ऐकू येत नाही.

टाकीचा ड्रेन रोज सोडावा. नुसतं पाणी आलं तर एअर ड्रायरचं कार्ट्रिज संपत आलंय. पाण्यात ऑईलचा चिकट फेस आला तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्यात. तेवढ्यावर फक्त ड्रायर बदलून गाडी सोडली, तर ते ऑईल पुढे व्हॉल्व्हच्या रबरांना फुगवतं आणि महिनाभरात ब्रेक अडकून चाक गरम होतं. मालक म्हणतो, 'ब्रेकचं काम आत्ताच केलं होतं की!' खरं दुखणं कॉम्प्रेसरमध्येच राहिलेलं असतं.

स्लॅक अॅडजस्टर (ब्रेकचा लायनर आणि ड्रम यांतली फट ठरवणारी दांडी) हाताने सेट करायचा असेल तर लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरेल इतकंच मागे सोडा. एकाच एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या चेंबरच्या पुशरॉडचा स्ट्रोक (दांडी किती बाहेर येते) मोजून सारखा आहे ना ते बघा. नसेल तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढेल. ऑटो स्लॅक अॅडजस्टर असेल तर हाताने सारखा आवळू नका. तो वारंवार ढिला होत असेल, तर त्याचाच गिअर, कॅमशाफ्टची बुश किंवा लायनरची पिन गेली आहे. आवळल्याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

24 व्होल्ट आणि मल्टिमीटर

ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. बंद गाडीवर प्रत्येक चांगल्या बॅटरीला सुमारे 12.6, दोन्हींवर मिळून 25.2 व्होल्ट. इंजिन चालू असताना साधारण 27.5 ते 28.5. एक बॅटरी बदलायची असेल तर दोन्ही बदला. नवी-जुनी जोडी लावली की चार्जिंग विषम होतं आणि नवीसुद्धा लवकर मरते. वाळूच्या टिपरवर रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढायची खोड असते, तिचाही हाच परिणाम.

गाडी सेल्फ घेत नाही म्हणून थेट स्टार्टर उतरवणाऱ्या मिस्त्र्यांचं बरंच काम वाया जातं. आधी व्होल्टेज ड्रॉप मोजा. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. चेसिसवरचा तो बोल्ट खोला, गंज घासा, पुन्हा आवळा. दहा मिनिटांचं काम. पॉझिटिव्ह बाजूलाही असंच करा.

नवीन गाड्यांत सगळे कंट्रोल युनिट कॅन लाइनच्या दोन तारांवर बोलतात. स्कॅनर गाडीशी जोडलाच जात नसेल तर आधी बॅटरी बंद करा. बहुतेक गाड्यांत 16 पिनांच्या ओबीडी सॉकेटात (जिथं स्कॅनर लागतो) 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. 60 ओहमच्या जवळ असेल तर लाइन ठीक. 120 म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर तुटला किंवा मधेच वायर तुटली. शून्याजवळ म्हणजे दोन तारा एकमेकींना लागल्यात. मराठवाड्यात या तारांचा सर्वांत मोठा शत्रू उंदीर. धान्याचे ट्रक आणि मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) रात्रभर उभ्या गाड्या यांच्यात हे हमखास सापडतं.

कोड दिसला की तो लिहून घ्या, फोटो काढा, मगच पुसा. आधी पुसणाऱ्याने स्वतःचाच पुरावा टाकून दिलेला असतो. आणि सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच खराब, असं मानू नका. वायर, जोड, अर्थिंग, मग सेन्सर.

बीएस-6चा धूर आणि युरियाचं पाणी

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि सायलेन्सरच्या जागी छोटा रासायनिक कारखाना आला. डीपीएफ हा फिल्टर काजळी अडवतो, एससीआर हा कॅटॅलिस्टचा भाग धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड फोडतो, आणि त्यासाठी डीईएफ लागतं: 32.5 टक्के शुद्ध युरिया, बाकी शुद्ध पाणी.

इथं गावोगावचा एक घातक शहाणपणा सांगायलाच हवा. घरात खताची पोती असतात, मग युरिया पाण्यात घोळून टाकीत ओतला जातो. खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट आणि क्षार असतात, वर पाणी बोअरचं. आधी डीईएफ फवारणारा डोझिंग इंजेक्टर चोंदतो, मग एससीआरचा कॅटॅलिस्ट कायमचा निकामी होतो. तो भाग इतका महाग आहे की कित्येक वर्षांचं डीईएफ त्यात आलं असतं. अनुदानाचं खत असं वापरणं बेकायदाही आहे. तपासायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, दोन थेंबांत टक्केवारी कळते. टाकीच्या तोंडाशी किंवा डोझरभोवती पांढरे खडे दिसले तर गळती आहे. ते कोमट पाण्याने धुवा, खरवडू नका. चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल गेलं तर किल्लीही फिरवू नका. पंप चालला की रबरी भाग गेले. आधी टाकी उतरवा.

डीपीएफ गरम होऊन काजळी जाळतो, त्याला रिजनरेशन म्हणतात, आणि आतलं तापमान 600 अंशांच्या घरात जातं. लांब पल्ल्याच्या गाडीत हे चालता चालता होतं. पण खडी क्रशरची टिपर, किंवा कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी उसाची गाडी, हिला ती संधीच मिळत नाही. दिवा लागतो, ड्रायव्हर बटण दाबून तो टाळतो, शेवटी गाडीची ताकद कापली जाते. उभ्याने रिजनरेशन करायचंच असेल तर गाडी मोकळ्या, फरशीच्या जागेवर घ्या. पाचटावर, वाळल्या गवतावर, पेट्रोल पंपाजवळ अजिबात नाही. गाडी पेटते.

वारंवार डीपीएफ भरत असेल तर नुसता साफ करून देऊ नका. इंजेक्टर गळतोय का, टर्बो ऑईल सोडतोय का, इंजिनात पुस्तकातलं लो-अॅश (कमी राख सोडणारं) ऑईल आहे की स्वस्तातलं जुनं ग्रेड, हे शोधा.

इथल्या हवेचं

मराठवाड्याचा उन्हाळा 42-43 अंशांचा, पाणी जड, आणि माती काळी, बारीक. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत राहिलं की नळ्यांत क्षार बसतो आणि एप्रिलमध्ये गाडी तापायला लागते. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. सोयाबीन-कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या फिनमध्ये फोलपट आणि तंतू अडकतात. पाणी मारायचं ते पंख्याच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने. एअर फिल्टरला जोरात हवा मारली की कागद फाटतो आणि धूळ थेट सिलिंडरचा लायनर खाते. आतला सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नसतो, बदलायचा असतो.

कामाचं वर्षही इथं शेतीवर फिरतं. उसाचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, म्हणून गाडीमालकांची कामं त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत एकदम अंगावर येतात. हंगामात रात्री-अपरात्री कमान, टायर, हब यांचे फोन येतात. शिकाऊ पोराने दोन्ही काळ अनुभवावेत.

लायसन्स आणि मग स्वतःचं शेड

अठरा वर्षं पूर्ण होताच हलक्या वाहनाचं लायसन्स काढून टाका. अवजड वाहनासाठी वय 20 पूर्ण लागतं आणि हलक्याचं लायसन्स किमान वर्षभराचं असावं लागतं. ट्रायल घेता न येणारा मेकॅनिक ड्रायव्हरच्या सांगण्यावर विसंबून राहतो, आणि ड्रायव्हर 'क्लच ओढतोय' म्हणतो तेव्हा कधी कधी ब्रेक अडकलेला असतो.

शेड टाकण्याची घाई करू नका. चार-पाच वर्षं हात चालल्याशिवाय नाही. टाकाल तेव्हा जागा महामार्गालगत, पण दोन ट्रक वळतील एवढी मोठी घ्या. समृद्धी महामार्ग जालना-संभाजीनगरवरून जातो म्हणून त्याच्या इंटरचेंजजवळच्या महाग जागेमागे लागण्यापेक्षा मोंढा, एमआयडीसी किंवा कारखान्याच्या रस्त्यावरची जागा बरी. तिथं गाड्या थांबतात, नुसत्या जात नाहीत. सुरुवातीला 6 ते 32 मिलिमीटरचे रिंग-फिक्स पाने, तीन-चतुर्थांश इंची सॉकेट सेट, टॉर्क रेंच, 20 टनी जॅक, चार स्टँड, चांगला मल्टिमीटर, कॉम्प्रेसर आणि ग्रीस गन एवढं पुरतं. अनेक कंपन्यांचा स्कॅनर दुसऱ्या वर्षी घ्या, पण घ्याच. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून प्रकल्पाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं, त्यासाठी प्रकल्प अहवाल आणि बँकेची मंजुरी लागते.

या धंद्यात गॅरेज बुडतात ती कामाअभावी नाही, उधारीने. पार्ट मालकाने स्वतः आणून द्यायचा किंवा त्याचे पैसे आगाऊ, मजुरी गाडी सोडताना, हा नियम पहिल्या गाडीपासून लावा. ओळखीच्यालाही लावा. प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड करा: नंबर, किलोमीटर, तक्रार, मोजलेले आकडे, घातलेले पार्ट, आणि जुने पार्ट मालकाला दाखवून त्याची सही. सहा महिन्यांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन आली, तर भांडणाऐवजी कार्ड काढता येतं. जळकं ऑईल वेगळ्या झाकणाच्या पिंपात साठवून परवानाधारक रिसायकलरलाच विका, पावती ठेवा. नालीत सोडलं तर शेजारच्या विहिरीत जातं, आणि लोकल ऑईलवाल्याला दिलं तर तेच डब्यात भरून 'नवीन' म्हणून पुन्हा तुमच्याच गिऱ्हाइकाच्या इंजिनात येण्याची भीती असते.